वहिनी घरीच असते ना

नमस्कार.

आज सुट्टीचा दिवस. तरी तुम्ही सगळे खाली पार्किंगमध्ये आलात, गाड्या बाहेर लावल्यात, एवढं केलंत. सुलोचनावहिनीच्या फोटोला कुणीतरी मोठा हार आणलाय. छान आहे. तिला स्वतःला कधी कुणी गजरा आणून दिल्याचं मला आठवत नाही, पण हार छान आहे.

मला बोलायचं नव्हतं. सेक्रेटरी साहेब काल घरी आले, म्हणाले, "मॅडम, तुमची भाषा चांगली, तुम्हीच दोन शब्द बोला." भाषा चांगली आहे हो. पण काय बोलायचं हे ठरवायला बसले, की रडू यायच्या ऐवजी राग येतो. शोकसभेत रागावून बोलू नये म्हणतात. आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर सांगायच्या, गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलायचं नाही. मी बोलणार नाही. जिवंत माणसांबद्दल सिस्टरांनी काही सांगितल्याचं मला आठवत नाही.

तर ऐका.

तुमच्यातल्या काहींनी तिचं आडनाव पहिल्यांदा वाचलं ते खाली गेटवर लावलेल्या निधनाच्या फलकावर. खरं आहे ना? आपल्यासाठी ती वहिनी. लहान पोरांसाठी वहिनी, त्यांच्या आयांसाठी वहिनी, सिलिंडरवाल्यासाठी वहिनी. माहेर अंबरनाथजवळच्या मोरिवलीचं. कारखान्यांच्या कुंपणाला लागून घर. लग्न होऊन इथे बदलापूरला आली तेव्हा इथे इमारत नव्हती. आपण आत्ता जिथे खुर्च्या टाकून बसलोय ना, तिथे तिच्या सासऱ्यांचं भाताचं खाचर होतं. जमीन बिल्डरला गेली आणि बदल्यात तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट मिळाला. ती मला म्हणायची, "बाई, आधी मी शेतान उभी ऱ्हायची, आता शेताच्या वर उभी ऱ्हाते." आणि हसायची. मला हसू यायचं नाही.

मी कॉन्व्हेंटमधली, म्हणून मला ती 'इंग्रजी बाई' म्हणायची. मी पहिल्यांदा तिच्याकडे गेले ते भांडायला. जिन्यात सुकटीचा वास येतो म्हणून. कमिटीनं मला पाठवलं होतं. कशाला, तर मी स्पष्ट बोलते. तिनं दार उघडलं, माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "वास येतो? मग नाक घरी ठेवून यायचं ना." आणि मग म्हणाली, "आत या. जेवलात काय?" मी त्या दिवशी तिच्याकडे सुकट-भाकरी खाऊन आले. कमिटीला सांगितलं, वास येत नाही.

अशी बाई होती.

आता किल्ल्यांचं सांगते. नवीन आलेल्यांना माहीत नसेल, हे कसं सुरू झालं. कुणाचा तरी गॅस यायचा होता, नवराबायको दोघं कामावर. म्हणाले, वहिनींकडे किल्ली देऊन जाऊ, वहिनी घरीच असते ना. मग दुसऱ्यांनी दिली. मग तिसऱ्यांनी. तिनं दाराच्या मागे खिळे ठोकून घेतले आणि एकेका खिळ्यावर एकेक किल्ली. गॅस आला, वहिनी. पार्सल आलं, वहिनी. शाळेची रिक्षा लवकर सुटली, पोराला वहिनीकडे बसव. प्लंबर येणार आहे, वहिनी जरा उभी राहशील का? पाणी आलं, मोटार चालू कर, वहिनी. वहिनी घरीच असते ना.

ती घरीच असायची. का असायची, हे विचारलंत कधी?

कारण आतल्या खोलीत यमुताई होती. नव्या लोकांनी तिला पाहिलं पण नसेल. वहिनीची नणंद. लग्नानंतर दोन पावसाळ्यांतच विधवा होऊन माहेरी परत आली, ती इथेच राहिली. ज्या खाचरावर आपण बसलोय त्यात तिनं कमरेत वाकून भाताची आवणी केलीय. पुढे वहिनीचा नवरा गेला, घरात या दोघीच उरल्या, आणि यमुताईला अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली. आवाज गेल्यात जमा. बोलते, पण अगदी तोंडाशी कान नेला तरच ऐकू येतं. म्हणून वहिनीनं तिच्या उजव्या हाताशी एक स्टीलचं ताट आणि चमचा ठेवला. काही लागलं तर वाजवायचं. तहान लागली, वाजव. कूस बदलायची, वाजव. वहिनी स्वयंपाकघरात असो, जिन्यात असो, तुमच्या घरात तुमच्या प्लंबरवर नजर ठेवून उभी असो, ताट वाजलं की धावत जायची.

आणि आपण काय केलं? आपण ग्रुपवर लिहिलं. "तिसऱ्या मजल्यावरून दिवसभर आवाज येतो, कृपया आवर घाला." कुणाची घरून ऑफिसची मीटिंग चालू होती, तिकडे साहेबानं विचारलं म्हणे, लग्न आहे का तुमच्याकडे. कुणी हसण्याची चित्रं टाकली. कुणी लिहिलं, "आरती सुरू झाली." सोसायटीचे सभ्य लोक आपण. वहिनीकडे साधा फोन होता, ग्रुप तिला दिसत नव्हता. पण सांगणारे असतात. तिनं त्या ताटाखाली घडी करून जुना टॉवेल घातला. आवाज कमी व्हावा म्हणून. लोकांना त्रास नको. किल्ल्या ज्यांच्या तिच्या दारामागे टांगलेल्या होत्या, त्या लोकांना त्रास नको.

महाशिवरात्रीला तिला अंबरनाथच्या शिवमंदिरात जायचं होतं. माहेरच्या बायका दरवर्षी जायच्या, ही जायची राहिली होती. तिनं विचारलं, "एवढीच दुपार कोणी बसेल काय यमुताईजवळ?" दाराशी उभं राहून, किल्ली घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला विचारलं. प्रत्येकानं काय सांगितलं? "अगं वहिनी, आज नाही गं जमत. पुढच्या वेळी नक्की." मी त्या वेळी गुडघ्याचं ऑपरेशन करून बहिणीकडे उल्हासनगरला पडून होते. परत आल्यावर तिनंच सांगितलं. तक्रार म्हणून नाही. म्हणाली, "देव काय पळून जातो काय? हजार वर्षं तिथंच हाय तो."

आता त्या दिवसाबद्दल. मला माहीत आहे, तुम्हाला वाटतंय मी ते बोलू नये. तिचा मुलगा दिनेश पुढे बसलाय, त्याच्यासमोर बोलू नये. पण दिनेशला सगळं कळलेलं नाही, आणि ते त्याला कळायला हवं असं मला वाटतं. दिनेश, बाळा, पाणी पी. मग ऐक.

सकाळी लोक कामावर गेले. जाताना किल्ल्या देऊन गेले. वहिनीनं घेतल्या. त्यानंतर कधीतरी ती स्वयंपाकघरात पडली. यमुताईच्या पलंगावरून स्वयंपाकघराचं दार दिसतं. दारातून तिला वहिनीचे पाय दिसत होते.

आणि यमुताई ताट वाजवू लागली.

दिवसभर वाजवत होती. इमारत काही रिकामी नव्हती. समोरच्या ब्लॉकमध्ये आपली कमला आंटी होती. उल्हासनगर कॅम्पातली, मुलगा तिला इथे ठेवून दुबईला गेला, ती पण घरीच असते. वरच्या मजल्यावर पेन्शनर जोडपं होतं. खाली बाळंतीण होती आणि तिची आई. घरून ऑफिस करणारे होते. सगळ्यांनी ऐकलं. सगळ्यांना वाटलं, म्हातारी आज फारच भुकेली दिसते. कमला आंटीनं मला स्वतः सांगितलं, "मैंने टीवी का आवाज बढ़ाया, बहनजी. मला वाटलं, सुलू आत आहे ना, बघेल ती." पार्सलवाले आले. बेल वाजवली, कुणी उघडलं नाही, दाराशी ठेवून गेले. एकावर एक खोके. तिथून येणाऱ्या-जाणाऱ्या कुणालाही प्रश्न पडला नाही, की ही बाई दार का उघडत नाही? ती तर घरीच असते ना!

संध्याकाळी लोक परत आले. मी उल्हासनगरहून, बहिणीकडून आले, तर तिसऱ्या मजल्यावर ही गर्दी. जो तो बेल दाबतोय. माझी किल्ली माझ्याच पर्समध्ये असते, मी कुणाला देत नाही, हा माझा हट्टी स्वभाव. म्हणून मी बाजूला उभी राहून ऐकत होते. काय ऐकलं मी? "कुठे गेली ही?" "जायचं तर सांगून जावं ना!" "दमून आलोय, आता जिन्यात बसायचं का?" "असा बेजबाबदारपणा बरा नाही." बेजबाबदारपणा! हा शब्द कुणी वापरला ते मला माहीत आहे, मी नाव घेणार नाही, त्यांनी मान खाली घातली आहे.

आणि आतून ताटाचा आवाज येतच होता. हळू झाला होता. मध्येच थांबायचा, परत यायचा.

तेव्हा कमला आंटी तिच्या दारातून बाहेर आली. पांढरी फटक. म्हणाली, "अरे, वो थाली सुबह से बज रही है."

मग आपण दार तोडलं. तोडायला लागलं, कारण अख्ख्या इमारतीच्या किल्ल्या त्या दाराच्या आत होत्या आणि त्या दाराची किल्ली इमारतीत कुणाकडेच नव्हती. कुणी कधी मागितलीच नाही. कुणाला गरज नव्हती पडली. आणि आता मी जे बोलणार आहे, ते तुम्हाला आवडणार नाही. दार तोडायचं ठरलं तेव्हा आपल्यातल्या कित्येकांच्या मनात ती नव्हती. स्वतःची किल्ली होती. मी तुमचे चेहरे पाहिलेत.

डॉक्टर आले. वहिनी गेलेली होती. मी त्यांना विचारलं. मला विचारायची सवय आहे. विचारलं, "लगेच गेली का हो?" ते म्हणाले, "नाही मॅडम. बराच वेळ जिवंत असावी." दुपारी कुणी आत गेलं असतं तर? ते म्हणाले, "सांगता येत नाही." सांगता येत नाही, म्हणजे वाचलीही असती. बस, दिनेश. बस बाळा. मी तुला रडवायला हे सांगत नाही. तुझ्या आत्यासाठी सांगतेय. ती जेवण मागत नव्हती. दिवसभर, एका हातानं, ती तुझ्या आईसाठी माणूस बोलवत होती. पाणी न पिता.

आता त्याच यमुताईचं काय चाललंय ते तुम्हाला ठाऊक आहे का? की हार आणून झालं आपलं काम?

उद्या सकाळी गाडी येणार आहे. दिनेशनं कर्जतच्या पलीकडे एक वृद्धाश्रम बघितलाय. यमुताईला तिकडे ठेवायचं आणि फ्लॅट भाड्यानं द्यायचा, त्या भाड्यात तिकडचा खर्च भागवायचा. मी त्याच्याशी बोलले. त्याला दोष देत नाही असं म्हणणं खोटं होईल, थोडा देतेच. पण तो म्हणाला ते पण ऐका. "काकू, मी कळव्याला वन रूम किचनमध्ये. आम्ही दोघं कामावर, पोरगी शाळेत. आत्याला तिकडे नेलं तर दिवसभर ती एकटीच. इथे ठेवली तर इथे कोण आहे? आई होती तर माणसांनी भरलेल्या बिल्डिंगमध्ये कुणी आलं नाही. आता आत्यासाठी कोण येणार आहे? नाव सांगा एकाचं."

ते एक नाव शोधायला मी निघाले.

सेक्रेटरी साहेबांना मी म्हटलं, सोसायटी काही करेल का? ते म्हणाले, "मॅडम, हा त्यांच्या घरचा प्रश्न आहे." बरोबर. किल्ल्या सोसायटीच्या आणि प्रश्न घरचा.

मी यमुताईजवळ जाऊन बसले. कान तिच्या तोंडाशी नेला. ती म्हणाली, "मना कुठं नेव नका. मी आपले घरान हाय." मी म्हटलं, तिकडे नर्स आहे, टीव्ही आहे, बागही आहे म्हणे. ती म्हणाली, "तिकडं सुलू येल काय?" तिला सगळं कळतं, हां. सुलू गेली हे तिला आपल्या सगळ्यांच्या आधी कळलंय. तरी विचारलं तिनं. मी काय सांगू? सांगा ना, कुणीतरी सांगा, मी काय सांगू?

आपण इथे राहायला आलो तेव्हा बिल्डरचा माणूस म्हणाला होता, शांत गाव आहे. परळहून, गिरगावातून, उल्हासनगरच्या गल्ल्यांतून, गावाकडून, कुठून कुठून आपण आलो. शांतता मिळेल म्हणून. दुपारी गच्चीवर जाऊन बघा एकदा. एवढ्या इमारती, एवढ्या खिडक्या, आणि खाली रस्त्यावर कुत्रं पण नाही. पण प्रत्येक चार-दोन खिडक्यांमागे एक म्हातारं माणूस बसलेलं आहे. कुणाचा मुलगा दुबईला, कुणाचा पुण्याला, कुणाचा मुंबईला जाऊन अंधार पडल्यावर येणारा. अजून काही वर्षांनी तुम्ही त्या खिडकीत बसणार आहात. हो, तुम्हीच, जे आज मागे उभं राहून फोन बघताय. तुमची पोरं पण जाणार. मग तुम्ही पण घरीच असणार. मी तर आत्ताच तिथे आहे. मी मेले तर माझं दार कोण तोडेल आणि कशासाठी तोडेल, हा विचार मी रोज करते. माझ्याकडे तर कुणाची किल्ली पण नाही.

कमला आंटी आत्ता या सभेत नाही. ती वर यमुताईजवळ बसली आहे. त्या संध्याकाळपासून रोज दुपारी बसते. तिला शुगर आहे, स्वतःला नीट उठता येत नाही. मी म्हटलं, "आंटी, झेपेल का?" तर म्हणाली, "झेपेल नाही, बहनजी. पण बसते." तिच्या एकटीच्या जिवावर दिनेश आत्याला इथे ठेवणार नाही, आणि ठेवूही नये. रात्रीची बाई ठेवायला तो तयार आहे. मी विचारलंय. अडतंय ते दिवसाला. अडतंय ते एकेका दुपारसाठी. पाणी द्यायचं, कूस बदलायची, हाकेला जायचं. एवढंच. वहिनीनं महाशिवरात्रीला मागितली होती तेवढीच एक दुपार, आठवड्यातून एकदा, आणि त्यासाठी बायकाच पाहिजेत असंही नाही. पेन्शनर पुरुषांना पण हात असतात.

आता सेक्रेटरी साहेब घड्याळ बघतायत, म्हणजे संपवायची वेळ झाली. अशा सभेचा शेवट कसा होतो, सगळ्यांना माहीत आहे. सगळे उठून उभे राहतात, माना खाली घालतात, गप्प राहतात आणि मग चहा होतो. उभं राहायला काही लागत नाही. शेजारचा उठला की आपण उठतो.

आज तसं करू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे.

आपण सुलोचनावहिनीसाठी शांत राहणार आहोत. पण ज्याला जमणार असेल, ज्याला खरंच आठवड्यातली एक दुपार वर जाऊन यमुताईजवळ बसता येणार असेल, त्यानंच उभं राहायचं. बाकीच्यांनी बसून श्रद्धांजली वाहावी. वहिनी रागावणार नाही, तिला रागावता यायचंच नाही. मीही उद्या कुणाला काही बोलणार नाही. पण लाज वाटते म्हणून कुणी उठू नका. पुढच्या वेळी नक्की, असं मनात म्हणत कुणी उठू नका. उठलात तर मी तुमचं दार वाजवायला येणार आहे, आणि मला ओळखता तुम्ही.

दिनेश, तू उठायचं नाही. तू फक्त मागे वळ आणि बघ. जे दिसेल, त्यावरून उद्याच्या गाडीचं ठरव. तू जे ठरवशील त्याला मी आडवी येणार नाही.

वहिनी, मी उभी आहे.

आता कुणी बोलू नका.